लहान-मोठं शिकवताना : अंगणवाडीतलं माझं पहिलं वर्ष

माझ्या हातात सेविकेचा नियुक्ती आदेश पडला तो २०२४ च्या जूनअखेरीस. अर्ज त्याच्या कितीतरी आधीचा. बारावीची गुणपत्रिका, रहिवासी दाखला, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडून दिलं. यादी लागली, हरकती झाल्या आणि मध्येच लोकसभेची आचारसंहिता लागली. फाईल जिथं होती तिथंच थांबली. ज्यांचं आता असं अडकलंय त्यांना एवढंच सांगते, की पोच घेतलेली प्रत जपून ठेवा आणि बालविकास प्रकल्प कार्यालयात फोन न करता स्वतः जाऊन विचारा. फोनवर सगळे "बघतो" म्हणतात.

आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात, लातूरच्या शिवेकडं. अंगणवाडीत तीन ते सहा वयाची पंचवीस-तीस लेकरं. आहार, लसीकरण, वजन-उंची, रजिस्टरं ही कामं मदतनीस मावशींना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती, त्यामुळं ती जमली. पोषण ट्रॅकर या नोंदींच्या मोबाईल ॲपसाठी रेंज हवी आणि ती शाळेच्या जिन्यावरच येते, हेही त्यांनीच दाखवलं. धास्ती होती ती बालशिक्षणाची. आराखड्यात ‘गणनपूर्व तयारी’ नावाचा रकाना होता आणि त्याखाली लिहिलेलं : लहान-मोठा, लांब-आखूड, उंच-ठेंगणा, जड-हलका, कमी-जास्त. वाचायला अर्धा मिनिट लागतो. पण उद्या सकाळी लेकरांसमोर बसून नेमकं करायचं काय, ते त्यात नव्हतं. माझ्यासारख्या नव्या सेविका आणि घरी लेकरू असलेल्या आया वाचतील म्हणून हे वर्ष जसं गेलं तसं लिहितेय.

सुरुवात चित्रकार्डांनी केली, कारण कपाटात तीच होती. हत्ती आणि उंदीर. "मोठा कोण?" सगळे एका सुरात "हत्तीऽऽ". मला बरं वाटलं. दोन-तीन दिवसांनी कार्ड नीट पाहिलं, तर दोन्ही चित्रं जवळजवळ सारख्याच मापाची छापलेली. म्हणजे लेकरं बघून उत्तर देतच नव्हती. हत्ती मोठा असतो हे त्यांना घरूनच माहीत होतं. डोळ्यांनी दोन वस्तू ताडून बघण्याचं काम त्या खेळात झालंच नव्हतं. नवीन मुलगी आली की तिला मी अजूनही हे कार्ड दाखवते, पण प्राण्यांची नावं शिकवायला.

खरं पहिलं काम पोळ्यानं केलं. पोळा २ सप्टेंबरला होता. आधीच्या आठवड्यात मावशींनी ओढ्याकाठची काळी माती आणून मळून दिली. विकतची माती नको म्हणाल्या, ती हाताला चिकटते आणि पैसेही जातात. प्रत्येकानं आपापला बैल केला. कुणाचा बैल, कुणाचा नुसता गोळा आणि त्याला दोन शिंगं. मग भांडण सुरू झालं. "मपला मोठा!" "न्हाई, मपला!" मी निवाडा केला नाही. म्हटलं, शेजारी शेजारी उभे करा. दोघांचे लावले, निकाल लागला. तेवढ्यात तिसऱ्यानं त्याचा आणून लावला आणि जो मघाशी जिंकला होता त्याचा बैल लहान ठरला. ते पोरगं रडायलाच लागलं. त्याच्या डोक्यात ‘मोठा’ हे बैलाचं नाव झालं होतं. एकदा मोठा म्हटल्यावर तोच बैल लहान कसा होईल? लहान-मोठं शिकवायचं म्हणजे ही गाठ सोडवायची, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वस्तूंमध्ये ती दिसतसुद्धा नाही. तिसरी वस्तू आली की दिसते.

१७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं, त्याच दिवशी गणपती गेले, आणि त्यानंतर ‘पोषण भी, पढाई भी’ या सेविकांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. रोज एसटीनं जाऊन-येऊन केलं. महिलांना अर्धं तिकीट असल्यानं खर्च फारसा आला नाही. डबा मात्र घरून न्या, जेवणाची सुट्टी कधी होईल याचा नेम नसतो. रोज निदान दोन तास बालशिक्षण, आठवड्यातले पाच दिवस नवं आणि सहाव्या दिवशी उजळणी, ही बांधणी तिथं समजली. पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते प्रशिक्षकबाईंचं जेवणानंतरचं बोलणं. मॉन्टेसरी या बालशिक्षण पद्धतीच्या साधनांत दहा गुलाबी ठोकळे असतात, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. सगळ्यांचा रंग एक, आकार एक, बदलतं ते फक्त माप. लाल दांड्याही तशाच, १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत. जाडी सारखी, लांबी तेवढी वेगळी. लेकराचं लक्ष एकाच गोष्टीवर राहावं म्हणून. ती साधनं आपल्याला परवडणारी नाहीत, हे खेड्यापाड्यांत बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला फार आधीच ओळखलं होतं आणि दगड, बिया, पानं, काड्या यांवर काम चालवलं, असं बाई म्हणाल्या. मी परतीच्या एसटीत बसल्या बसल्या विचार करत होते की आमच्या गावात सारख्या जाडीचं, सरळ आणि फुकटचं काय मिळेल.

मिळालं ते कडब्यात. ज्वारीचे धांडे. सासऱ्यांनी गोठ्यातल्या जुन्या गंजीतून सरळ सरळ बघून ताटं काढून दिली. पेरं सोलून, कड गुळगुळीत करून मी ते विळ्यानं तोडले. सगळ्यात छोटा वीतभर, मग प्रत्येक चार बोटांनी वाढता. पहिल्याच खेपेला फरक भरपूर ठेवा. बोटभर फरकाचे तुकडे तीन वर्षांच्या लेकरापुढं ठेवले तर ते कंटाळून उठून जातं, आणि आपल्याला वाटतं याला समजत नाही. सोललेल्या धांड्याची कड धारदार असते, बोट कापतं, म्हणून जुन्या साडीची पट्टी डिंकानं टोकांना गुंडाळली. तुराट्याही वापरून बघितल्या, पण त्या वाकड्या आणि फाटे फुटलेल्या. लांबी बघायची सोडून लेकरं त्याच्या बंदुका करतात.

दिवाळीपर्यंतचे दिवस या धांड्यांत गेले. दोन धांडे दिले की बहुतेक जण बरोबर सांगायचे. पण तेच दोन धांडे जमिनीवर मागं-पुढं सरकवून ठेवले, की जो पुढं आलेला दिसतो तोच लांब. त्यांच्या डोळ्यांसमोर सरकवला तरी. पाच वर्षांची एक मुलगी मला समजावून सांगायची, "ताई, ह्यो आता मोठा झाला." चिडायचं नाही. या वयाचं लेकरू एकाच टोकाकडं बघतं, दुसरं टोक त्याच्या हिशोबातच नसतं. उपाय म्हणून खडूनं फरशीवर एक रेघ ओढली आणि खेळ ठरवला : धांड्यांची शर्यत आहे, सगळ्यांचे पाय रेघेवर. रेघ सोडून उभा राहिला तो बाद. लेकरं एकमेकांचे धांडे बाद करण्यात इतकी रमली की तुलना आपोआप होत गेली. शर्यतीत पाय जुळले पाहिजेत हे त्यांना पटतं. धांड्यात पटत नाही.

याच काळात पालकांचं बोलणं ऐकावं लागलं. पाण्याच्या टाकीपाशी एका आजींनी गाठलं. "बाई, लेकरायला निस्तं खेळवायलाव व्हय? ते व्हॅनमधी जाणारं पोरगं शंभरपस्तोर लिव्हतंय." मी म्हटलं, "आजी, उद्या सकाळी या, भाकरी करून दाखवा." आजी आल्या, काटवट पुढ्यात घेऊन एक मोठी भाकरी थापली, एक मधली, एक नातवाच्या हाताएवढी. लेकरांना विचारलं, कोणती भाकर कोणत्या डब्यात मावेल? आजींनाच त्यात इतकी गंमत वाटली की त्या नंतरही येत राहिल्या. ‘शंभरपर्यंत’ हा प्रश्न मिटला असं नाही. डिसेंबरमध्ये दोन लेकरं व्हॅननं तालुक्याला जायला लागलीच. पटावर त्याचं उत्तर मलाच द्यावं लागलं.

दिवाळी झाली आणि अंगणवाडी निम्मी झाली. आमच्याकडं हे दरवर्षीचं आहे. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, लेकरं ट्रॅक्टरमध्ये बसून जातात. त्यांच्या नोंदी ट्रॅकरमध्ये स्थलांतरित म्हणून करायच्या असतात. कुटुंब निघायच्या आधीच करा. नंतर फोन लागत नाहीत आणि तिकडच्या अंगणवाडीत लेकराला आहार मिळायला अडचण येते. त्यातच २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. आमची खोली केंद्रासाठी गेली. साहित्य पोत्यात भरून शाळेच्या वऱ्हांड्यात ठेवलं, परत आणलं तेव्हा धांड्यांतले बरेच मोडलेले होते. निम्मी लेकरं नाहीत, साहित्य नाही. त्या आठवड्यात मला फार उदास वाटलं. ज्यांना शिकवलं ती गेली, आता एप्रिलमध्ये कुणाला किती आलं ते मोजणार कशाला, असं मावशींपाशी बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाल्या, "जी हायत ती काय कमी हायत का?" आणि पोतं उघडून झाडायला बसल्या.

डिसेंबरात तिसऱ्या वस्तूला हात घातला. आठवडी बाजारातून एकात एक बसणाऱ्या पाच प्लॅस्टिकच्या डब्यांचा संच आणला, दीडशे रुपये. रंगीत रिबिनीचं बंडल चाळीस रुपये. पावत्या ठेवल्या, सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशातून, काही मिळालं तर बघू म्हणून. त्यातले रिबिनीचे मिळाले, डब्यांची पावती साध्या कागदावर होती म्हणून परत आली. छापील पावती मागून घ्या.

पाच डबे एकदम देऊ नका. मी तीन दिले. मधला डबा हातात घेऊन विचारायचं, "हा मोठा का लहान?" आणि गप्प बसायचं. सुरुवातीला निम्मे मोठा म्हणायचे, निम्मे लहान, आणि मग माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. मग मी मोठा डबा लपवायचे आणि तोच प्रश्न. मग छोटा लपवायचे. डबा तोच, उत्तर फिरतं. हळूहळू त्यांना यातच मजा यायला लागली. कोणता डबा लपवलाय हे ती उत्तरावरून ओळखायची. डब्यांचा एक फायदा असा, की चूक मला सांगावी लागत नाही. मोठा डबा छोट्यात शिरतच नाही. लेकरू स्वतःच मागं घेतं, फिरवतं, पुन्हा घालतं. यात शांत बसणं मला जड गेलं. हात आपोआप पुढं येतो. मावशी तर उघड उघड डोळ्यांनी खुणावायच्या, त्यांना शेवटी भाजी निवडायला बसवलं.

तीनचे चार, चारचे पाच व्हायला जानेवारी उजाडला. आणि वयाचा गोंधळ वेगळाच. "तुझ्या घरात मोठं कोण?" विचारलं तर आजी. आजी तर वाकलेल्या, आईच्या खांद्यालाही लागत नाहीत. लेकरू चुकत नाही, घरात मोठं म्हणजे वयानं मोठंच. म्हणून मी नुसतं ‘मोठा’ विचारणं कमी केलं. उंच कोण, लांब कोणतं, जड काय, जास्त कशात मावतं असं विचारायला लागले. जडाचं शिकवायला आमच्याकडं कापूस आहेच. पिशवीभर कापूस एका हातात आणि मुठीत मावेल एवढं लोखंडी वजन दुसऱ्या हातात. पहिल्यांदा उचलताना लेकरांची तोंडं बघण्यासारखी होतात. मोठं ते जड, हा समज तिथं मोडतो. काठीला दोन करवंट्या टांगून तराजू केला, तो मात्र कधीच समतोल राहिला नाही, आणि एकाच खेळात दोन-तीन गोष्टी शिकवायच्या भानगडीत पडू नये हे त्यातून दिसलं.

३० डिसेंबरला वेळ अमावस्या होती. सगळं गाव शेतात. माझ्या अंगणवाडीतली चार-पाच लेकरं आमच्याच शेजारच्या शेतातल्या कोपीत, म्हणजे खोपटात, होती. बिंदग्यातलं, म्हणजे घागरीतलं, आंबील तांब्यात, तांब्यातलं वाटीत. एका वाटीत किती वेळा, एका तांब्यात किती वाट्या, हे ती स्वतःहून मोजायला लागली. तो दिवस सुट्टीचा, त्यामुळं नोंद कुठंच नाही.

पाण्याचा खेळ मात्र मी अर्ध्यावर सोडला. एका पेल्यातलं पाणी उभट बाटलीत ओतलं की लेकरं म्हणतात वाढलं, पसरट ताटात ओतलं की कमी झालं. कितीही वेळा करून दाखवा. प्रशिक्षणात सांगितलं होतं, की स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हेच नोंदवून ठेवलंय आणि ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या पुढं येते. मग मी वाद घातला नाही. ओतू दिलं. मार्चपर्यंत पाण्याची टंचाई सुरू होते, तेव्हा ज्वारीवर आलो आणि तेही मावशींच्या डोळ्याखाली, नाहीतर चिमण्यांची चैन.

आता एक गोष्ट जरा जपून करायची असते. दर महिन्याला आपण वजन-उंची घेतोच. दोन वर्षांच्या आतल्या लेकराची लांबी झोपवून, त्याहून मोठ्याची उंची उभं करून. उंचीमापक समोर असताना लेकरांनाच एकमेकांशेजारी उभं करून ‘उंच कोण, ठेंगणा कोण’ विचारायचा मोह होतो. पुस्तकातल्या चित्रांतही तसंच असतं. मी ते करत नाही. आमच्याकडं वयाच्या मानानं उंची कमी असलेली लेकरं आहेत आणि कारण त्यांच्या ताटात आहे. दर वेळी रांगेच्या टोकाला तेच लेकरू येणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पडणार. म्हणून रिबिनी. जानेवारीत प्रत्येकाच्या उंचीची रिबीन कापली, त्याचं चित्र त्यावर चिकटवलं आणि खालचं टोक फरशीला टेकवून भिंतीवर लावली. एप्रिलमध्ये त्याच लेकराला त्याच्याच रिबिनीशेजारी उभं केलं. बहुतेक जण आधीच्या स्वतःपेक्षा उंच झालेले. सहा वर्षांच्या आतलं लेकरू तीन महिन्यांत बोटभर तरी वाढतं आणि ते त्याला दिसतं. ज्याची उंची रिबिनीएवढीच राहिली, त्याच्या आईशी मी वेगळं बोलले आणि आशाताईंना बरोबर घेऊन घरी गेले.

फेब्रुवारीत पर्यवेक्षिका मॅडमची भेट झाली. त्यांना लेखी काम हवं होतं. "वह्या दाखवा." मी धांडे दाखवले. त्या जरा गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, फोटो तरी ठेवत जा, तारीख टाकून. त्यात तथ्य होतं. तेव्हापासून प्रत्येक लेकरामागे वहीचं एक पान केलं. कोणत्या वस्तू दिल्या, किती रचल्या, काय बोललं. बोललेलं तसंच्या तसं लिहायचं. ‘समजले / समजले नाही’ असं लिहिलं तर महिन्याभरानं आपल्यालाच काही कळत नाही. रोज सगळ्यांचं होत नाही, दिवसाला तिघा-चौघांचं होतं.

मार्चअखेरीस ऊसतोडीची कुटुंबं परतायला लागली. मला धास्ती होती की ही लेकरं पार मागं पडली असणार. पहिल्याच दिवशी एका पोराला, नुकतंच पाच पूर्ण झालेलं, मी धांड्यांचा सगळा गठ्ठा दिला. नियम सांगितला नाही, रेघही ओढली नव्हती. त्यानं दोन्ही हातांत गठ्ठा उभा धरला, खाली फरशीवर ठक् ठक् आपटला, सगळ्यांची बुडं सारखी केली आणि मग वरून एक एक लांब धांडा उपसत बाजूला ठेवत गेला. चढती-उतरती रांग तयार. विचारलं, कुणी शिकवलं? "मोळी अशीच बांधतेत की." इथं थांबलेल्या लेकरांना रेघ पटवायला मला महिना लागला होता. म्हणून त्याच्या पानावर मी ‘गैरहजर’ एवढंच ठेवलं नाही. तरी या गोष्टीचं फार कौतुक करू नये असंही मला वाटतं. ज्या फडात तो हे शिकला तिथं त्याला ना दूध होतं ना अंगणवाडी, आणि वजन असायला हवं त्यापेक्षा खाली होतं.

एप्रिलमध्ये जिल्हा परिषद शाळेत शाळापूर्व तयारी मेळावा झाला. पहिलीत जाणारी आमची आठ-नऊ लेकरं होती. नोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सात टेबलं मांडलेली, आणि प्रत्येक टेबलावर विकासपत्रात शेरा. गणनपूर्व तयारीच्या टेबलावर गुरुजींनी तीन चेंडू ठेवले होते. आमच्या एका मुलीला मधला दाखवून विचारलं, हा मोठा आहे का? ती काही बोलेना. मला वाटलं गेलं सगळं पाण्यात. मग तिनं छोटा चेंडू उचलून पाठीमागं लपवला, म्हणाली, "आता ल्हान." गुरुजी हसले, मग मोठा लपवून बघ म्हणाले, आणि दोघांचा खेळ चालू झाला. मागं रांग खोळंबली होती. ज्या दोघांना तीन चेंडूही लावता आले नाहीत, त्यांच्या आयांना गुरुजींनी उन्हाळ्यात घरी करायच्या कृतींचे कागद दिले. मी त्यांना सांगितलं की कागद वाचायला वेळ नसला तर राहू द्या. भांडी घासून झाली की वाट्या-पेले एकात एक लावायला लेकराला द्या, धुतलेले कपडे घडी करताना कुणाचा सदरा लांब ते विचारा, आणि उत्तर लगेच सांगू नका.

ज्या सेविका जूनमध्ये सुरुवात करणार आहेत त्यांच्यासाठी शेवटचं कामाचं. ज्वारीची ताटं फेब्रुवारी-मार्चमध्येच मागून ठेवा, कडबा कुट्टीत गेला की सरळ धांडा मिळत नाही. बांधून आढ्याला टांगा, खाली ठेवले तर उंदीर आणि वाळवी. कडुलिंबाचा पाला गठ्ठ्यात घातला तर कीड कमी लागते. डबे प्लॅस्टिकचेच घ्या, स्टीलच्या आवाजानं शेजारच्या वर्गातले गुरुजी येतात.